डावीकडून तिसरी

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठी म्हणून म्हणत असतील, पण खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या कुठल्या नावाने तिला हाक मारायची कुणाची छाती होत नव्हती. तीस वर्षं ताई कवळ्या बनवत होती. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, ताई त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करी, त्यावर मेण चढवी आणि त्या मेणात एकेक दात रोवत जाई. माणसं तिला दिसत नसत, जबडे तेवढे दिसत, आणि ताईचं म्हणणं असं की तेवढं पुरतं. झोपेत दात खाणारा कोण, एकाच बाजूने चावणारा कोण, कात्रीऐवजी दातांनी दोरा तोडणारी कोण, हे ती नुसतं प्लास्टर हातात घेऊन सांगे. माणसांबद्दलचं तिचं मत काही फार चांगलं नव्हतं.

लॅब दुसऱ्या मजल्यावर. खिडकीला लागून तिचं टेबल, टेबलावर मेण वितळवायची बत्ती, चार सुऱ्या, आणि वरच्या फळीवर खोक्यांची रांग. खोक्यांवर नावं नसत, नंबर असत. पेशंटचं नाव लॅबला कळू नये असा डॉक्टरांचा नियम होता आणि तो बरोबरही होता, कारण आपल्या तोंडात दात नाहीत हे माणूस बायकोलासुद्धा सांगताना कचरतो.

त्या सोमवारी एकशे बारा नंबरचं खोकं आलं. वरच्या जबड्याचा ठसा, एक चिठ्ठी आणि पाकिटात एक फोटो. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, की पेशंटला दात पूर्वी होते तसेच हवेत, सोबत शाळेतला फोटो दिला आहे, मागची रांग, डावीकडून तिसरी. चोवीस तारखेच्या आत कवळी हवी, कारण पंचवीसला कार्यक्रम आहे.

ताईने फोटो काढला आणि हातातली सुरी बाजूला ठेवून तो खिडकीच्या उजेडात धरला.

मागच्या रांगेत सहा मुली होत्या. डावीकडून तिसरी होती हिरॉइन. शाळेत तिला सगळेच हिरॉइन म्हणत, कारण प्रत्येक नाटकात तीच असे आणि नकला तर अशा करी की ज्या बाईंची नक्कल केली त्यासुद्धा पोट धरून हसत. आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, सगळं तोंड उघडून हसणारी चौथी मुलगी म्हणजे स्वतः ताईच. त्या दोघी एका बाकावर बसत. सहा वर्षं एका बाकावर.

पंचवीस तारखेचा कार्यक्रमही ताईला ठाऊक होता. अडतीस वर्षांनी वर्गातल्या मैत्रिणी भेटणार होत्या. वर्गातली एक वकील झाली होती, तिने महिन्यापूर्वी सगळ्यांचे नंबर शोधून फोनवर ग्रुप काढला होता, कोण काय काम करते तेही त्यावर लिहिलं होतं, आणि भेटायचं तिच्याच घरी ठरलं होतं. ग्रुपवर हिरॉइन दिवसभर दात काढत असे, म्हणजे त्या हसऱ्या बाहुल्या टाकत असे. ताईने ते सगळं वाचलं होतं आणि एका शब्दाचंही उत्तर दिलं नव्हतं. जायचं नाही हेही तिचं ठरलं होतं. आता हिरॉइनचा जबडा आपल्या टेबलावर पालथा पडलेला बघून ताईने त्याच क्षणी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, "मी येणार."

आता हा राग कशाचा, ते सांगायला हवं. ताईचे पुढचे चार दात शाळेत असताना पुढे होते. थोडेथोडके नाही, चांगलेच. ओठ मिटायचा तर ओढून घ्यावा लागे. दात बाबांचे होते. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, स्वभावाने गमत्या माणूस, आणि बापलेक दोघं एकमेकांकडे बघून मोकळेपणाने हसत. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेत एकदोघी किसणी म्हणत, पण हिरॉइनने त्या एकदोघींना चांगलं झापलं होतं, त्यामुळे ताईला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग शेवटच्या वर्षीचा निरोप समारंभ झाला. पालकांना बोलावलं होतं. हिरॉइनने मुख्याध्यापिकेची नक्कल केली, चित्रकलेच्या सरांची केली, टाळ्या थांबेनात. तेव्हा तिने आयत्या वेळी संत्र्याची साल कापून चार दात केले, ओठाखाली बसवले, आणि ताईची नक्कल केली. उत्तर द्यायला उभी राहिलेली ताई, ओठ ओढून घेणारी ताई, स म्हणताना शीळ वाजणारी ताई. सगळं सभागृह हसून लोळलं. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले. त्यांना वाटलं, ही कुणा बाईंचीच नक्कल असणार. मग शेजारच्यांनी वळून ताईकडे बोट दाखवलं आणि बाबांना कळलं आपण कुणाला हसतोय. त्यांनी आपलं तोंड हाताने झाकलं.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले आणि ताईसमोर तोंड उघडून एकदाही हसले नाहीत. एका शब्दाने त्यांनी तो विषय काढला नाही आणि तिनेही नाही. अशा गोष्टी बोलून टाकाव्यात असं म्हणणारी माणसं असतात, त्यांच्या घरात असं काही घडलेलं नसतं.

चोविसाव्या वर्षी पहिल्या पगारातून ताईने पुढचे चारही दात उपटून घेतले. एकही किडका नव्हता. उपटणाऱ्या डॉक्टरने दोनदा विचारलं, आणि उपटण्याआधी ठसा घेऊन ठेवला. त्या ठशाचा प्लास्टरचा जबडा ताईने मागून घेतला. खोटे दात बसवायला ती ज्या लॅबमध्ये गेली, तिथेच ती पुढे कामाला लागली. धंदा तिला असा मिळाला. नवऱ्याला हे लग्नानंतर दीड वर्षाने कळलं. तो वायरमन, कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला होता, "मी आधी भेटलो असतो तर काढू दिले नसते."

तर एकशे बारा नंबर. ताईने ते काम मन लावून केलं. फोटो भिंगाखाली धरून हिरॉइनचे दात जसेच्या तसे मेणात उभे केले, डावा सुळा किंचित वळलेला होता तोसुद्धा. मेणातले दात तोंडात बसवून बघायला, ट्रायलला गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला की पेशंट आरशात बघून रडली, असे दात आजवर कुणाचे जमले नाहीत, आता शिजवून टाका. कवळी शिजवतात, म्हणजे मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून उकळत्या पाण्यात पक्की करतात. एकदा शिजली की दात हलत नाहीत.

ताईने त्या मेणाचा आणखी एक साचा काढून घेतला आणि पहिल्यावरून एक कवळी बिनचूक शिजवली. ती धुऊन, चकाकी देऊन, ओल्या कापसात गुंडाळून डबीत ठेवली. मग कपाटातून तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा जबडा काढला, शेजारी ठेवला, बत्ती पेटवली आणि दुसरा साचा घेऊन पुढचे चार दात ऊन मेणात एकेक करून बाहेर ओढले. किती बाहेर, ते मोजून. दुसरा पहिल्यावर किती चढलेला, तेही मोजून. मागच्या दाढांना तिने हात लावला नाही. चावायला ही कवळीही एक नंबर हवी होती, कारण हलकं काम ताईच्या हातून सूड म्हणूनसुद्धा होणं शक्य नव्हतं.

बेत साधा होता. शनिवारी संध्याकाळी कवळी पोचेल, रविवारी लॅब बंद. हिरॉइनला दोनच रस्ते, बोळकं तोंड घेऊन मैत्रिणींत यायचं नाहीतर किसणी होऊन. काही झालं तरी ती तोंड दाबून कोपऱ्यात बसेल. मग ताई सगळ्यांदेखत डबी काढणार आणि म्हणणार, तुझे खरे दात माझ्याकडे राहिलेत बाई. वर्गाला कळेल की हिरॉइनच्या तोंडात वरचा एक दात नाही, आणि ते देणारी कोण. हे वाक्य ताईने भाजी चिरताना घोळवलं, बसमध्ये घोळवलं. तिला फार बरं वाटत होतं. इतकं बरं की नवऱ्याने विचारलं, पगार वाढला का.

शनिवारी सहा वाजता डॉक्टरांचा फोन आलाच. चांगलेच तापले होते. हे काय पाठवलंय, ट्रायलला वेगळं होतं. ताईने तयार ठेवलेलं उत्तर दिलं.

"डॉक्टर, आपल्या धंद्यात डावं म्हणजे कुणाचं डावं? पेशंटचंच ना? ट्रायलनंतर मी फोटो पुन्हा बघितला आणि वाटलं, आपण चुकीची मुलगी धरली. मुलींच्या डाव्या हाताकडून मोजलं, तर तिसरी शेजारची येते."

दाताचे डॉक्टर सगळं खरंच पेशंटच्या बाजूने मोजतात, त्यामुळे डॉक्टर एकदम नरमले. मग ते म्हणाले की विचित्र गोष्ट अशी, पेशंटने कवळी परत केलीच नाही. आरशात बघितलं, कितीतरी वेळ बघितलं, फोटो मागून घेतला, पुन्हा आरशात बघितलं आणि म्हणाली, राहू द्या, हीच नेते. बेतात हे नव्हतं.

वकिलीणबाईंच्या दिवाणखान्यात अकरा बायका जमल्या होत्या. कोण किती सुटली, कुणाचं काय दुखतं, कुणाचा जावई कसा आहे, असं चाललं होतं. ताईकडे बघून दोघीतिघी म्हणाल्या की किती छान दिसतेस, दात सरळ करून घेतलेस वाटतं. ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

हिरॉइन सगळ्यांच्या शेवटी आली. दारात उभी राहिली आणि सगळे चार दात बाहेर काढून हसली. तोंडावर हात नाही, पदर नाही. मग तिने स्वतःच सांगून टाकलं की माझे वरचे सगळे दात गेले, ही कवळी आहे, कालच आली, कशी आहे? आणि कुणी काही म्हणायच्या आत ती चहाच्या कपाकडे वळली. ताईचं घोकलेलं वाक्य तिथेच मेलं. जे उघड करायचं ते हिने दारातच उघड करून टाकलं होतं.

अर्ध्या तासात सगळ्या पूर्ववत खिदळू लागल्या आणि नकलांची मागणी सुरू झाली. हिरॉइनने मुख्याध्यापिका केली, चित्रकलेचे सर केले. आणि मग वकिलीणबाई, जिला एवढी अक्कल असायला हवी होती, तीच म्हणाली, "आणि ते निरोप समारंभातलं? आता तर दातही आहेत."

दोघी हसल्या. बाकीच्यांनी ताईकडे बघितलं. ताईला वाटलं उठावं आणि हातात येईल ते वकिलीणबाईंच्या डोक्यात घालावं. हिरॉइन खोलीच्या मधोमध आली. तिने ताईची नक्कल केली नाही. तिने एक खुर्ची ओढली, तिच्यावर गुडघे जुळवून बसली आणि समोर बघून हसू लागली. भाबडं, खळखळून, खांदे हलवत. मग तिची मान जराशी वळली, जसं शेजारच्या कुणी काहीतरी सांगितलं. हसू अर्ध्यात थांबलं. हात हळूहळू वर आला आणि तोंडावर बसला. डोळे तसेच समोर राहिले.

कुणाला काही कळलं नाही. एकीने विचारलंही की हे कोण. ताईला कळलं. त्या चार दातांवर बाबांचं तोंड जसंच्या तसं होतं. ती उठून सरळ गॅलरीत गेली.

हिरॉइन मागोमाग आली. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, त्यांच्या मध्ये दोघी उभ्या राहिल्या. हिरॉइन म्हणाली की काल आरशात बघताक्षणी मी ओळखलं हे कुणाचे दात, आणि कुणी केले तेही. मीच तुझे दात सालीतून कापले होते, मला नाही ओळखू येणार?

"स्टेजवरून मला ते दिसले होते," ती म्हणाली. "तुझे बाबा. त्यांनी तोंड झाकलं ते मी बघितलं. आणि तरी मी थांबले नाही. टाळ्या चालल्या होत्या."

एवढं म्हणून ती थांबली. क्षमा मागितली नाही, आणि ते ताईला बरंच वाटलं. मागितली असती तर द्यावी का नाही हा घोळ झाला असता.

"माझे दात कुठे आहेत?" हिरॉइनने विचारलं. "तू दोन केल्या असशील. मी तुला ओळखते."

"पर्समध्ये."

"देतेस?"

"नाही," ताई म्हणाली. "बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. एकदा हसले नाहीत माझ्यासमोर. तू अकरा आठवडे हे दात घाल. रोज, घरात, बाहेर, लोकांत. मग लॅबवर ये."

हिरॉइनला दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन आठ दिवसांत नवी कवळी करून घेता आली असती. दोघींनाही ते माहीत होतं. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

ते अकरा आठवडे ताईने ग्रुपवर पहारा ठेवला. हिरॉइन कुठे गेली, काय केलं, सगळे फोटो येत. भाचीच्या लग्नात, बागेत, सोसायटीच्या सभेत माईक धरून. ताई प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करी आणि तोंड बघे. पहिल्या आठवड्यात तिला ते चार दात बघून इतका आनंद झाला की नवऱ्याला बोलावून फोटो दाखवला. तिसऱ्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकू लागली. पाचव्यात तिचं डोकं उठलं. कारण एकाही फोटोत हिरॉइनने ओठ ओढलेला नव्हता. ती हसत होती. तेच दात, तेवढेच पुढे, आणि शेजारी उभी असलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघत होती, तिच्या तोंडाकडे कुणीसुद्धा नाही. नवरा म्हणाला की बास कर आता, फोन ठेव. ताई त्याच्या अंगावर खेकसली.

बरोब्बर अकरा आठवड्यांनी, दुपारी, हिरॉइन दोन मजले चढून लॅबवर आली. ताईने तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. हिरॉइनने टेबलावरची बत्ती बघितली, सुऱ्या बघितल्या, आणि मग कपाटाच्या उघड्या दारातून आतला जुना जबडा बघितला.

"हा तुझा? तारा लावून सरळ केलेस ना?"

"काढून टाकले. चारही. चोविसाव्या वर्षी. चांगले होते."

हिरॉइनने हात पुढे करून त्या जबड्याला बोट लावलं. मग ती बोलली ती अगदी मनापासून, त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते ताईच्या जास्त वर्मी लागलं.

"मला वाटलं होतं, मी घराबाहेर पडू शकणार नाही. पण लोकांनी चार दिवस बघितलं गं, मग विसरले. कुणाला एवढा वेळ आहे? तुझंही तेव्हा विसरले असते."

"तू विसरू दिलं असतंस तर," ताई म्हणाली.

हिरॉइनने कवळी काढून टेबलावर ठेवली आणि तिचे गाल आत गेले, ती एकदम म्हातारी दिसू लागली. ताईने डबी उघडली, दुसरी कवळी पाण्याखाली धरली आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात बसवली. दोन ठिकाणी घासून दिली, पुन्हा बसवली, चावायला लावलं. मग आरसा दिला. डावा सुळा किंचित वळलेला, जसा होता तसा. हिरॉइन सुंदर दिसत होती. ताईच्या तीस वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते तिला स्पष्ट दिसत होतं.

"झालं तुझं समाधान?" हिरॉइनने विचारलं.

"नाही."

हिरॉइनने मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि टेबलावरच्या त्या पुढे आलेल्या दातांकडे हात केला.

"हे मी घेऊन जाते. अकरा आठवडे घातलेत, सवय झालीय."

ताईने तिच्याआधी कवळी उचलली.

"इथेच राहतील," ती म्हणाली. "माझे आहेत ते."

हिरॉइन जिना उतरून गेल्याचा आवाज थांबेपर्यंत ताई ती कवळी मुठीत धरून उभी होती. मग तिने नळ सोडला, दात ब्रशने नीट घासून धुतले, कपाटात जुन्या जबड्याशेजारी ठेवले आणि हात पुसून पुढच्या कामाचं, एकशे चाळीस नंबरचं खोकं खाली काढलं.